चार्ज दिल्याशिवाय

फोरमन कुठूनही नुसते उठून जात नसत. लग्नघरातून निघताना ते यजमानांना बाजूला घेत, खिशातली डायरी उघडून बघत आणि सांगत, "तिसरी पंगत बसली. वरण पुरंल, बुंदी पुरायची नाय. नवरदेवाचा चुलता मघापासून गप बसलाय, त्याच्याकडं बघा. चला, येतो." यजमान तसेच उभे राहत. लासलगावच्या एस.टी.त खिडकीची जागा सोडताना ते मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला सांगत, "काच अर्ध्यावर अडकती. ऊन ओझरपर्यंत ह्या अंगाला." नवख्याला वाटे, म्हातारा चेष्टा करतोय. आमच्या वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं की फोरमन चार्ज देतायत.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते बॉयलरवर होते. तिथे पाळी संपली म्हणून कुणी निघून जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस, रिलीव्हर, येतो, त्याला सगळं सांगून चार्ज द्यायचा, लॉगबुकात सही करायची आणि मगच जागा सोडायची. गेटच्या बाहेर आल्यावर बाकीचे लोक हा नियम डब्यासोबत पिशवीत टाकत. फोरमननी तो जन्मभर हातात धरला.

त्यांना जाऊन तीन महिने झाले. मी शाळेत मराठी शिकवते, मुलांच्या निबंधांत खाडाखोड करण्यात माझा दिवस जातो; पण स्वतः लिहायला बसले की एका बैठकीत चार ओळींच्या पुढे जात नाही. त्यांना हे चाललं असतं. "घाई कशाची? वाफ धरायला येळ लागतो," म्हणाले असते. आणि ते तीन इमारतींना ऐकू गेलं असतं.

कारण बॉयलरच्या गडगडाटात पंचवीस वर्षं काढून त्यांचे कान गेले होते आणि आवाज मात्र तिथलाच राहिला होता. त्यांना कुजबुजता येत नसे. आमच्या घरावरून त्यांचा हात फिरायला सुरुवात झाली ती या आवाजामुळेच.

माझे वडील केंद्राच्या स्टोअरमध्ये होते. ते अचानक गेले आणि आईला वसाहतीच्या शाळेत नोकरी मिळाली. त्यानंतर दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ विनू आजारी पडला. शिकत होता, हुशार होता, आणि बघता बघता त्याला कुणाला न ऐकू येणारे आवाज ऐकू यायला लागले. मामांनी त्याला परगावच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं. आठ महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं आणि मागे पाऊल वाजलं की तो भिंतीला चिकटायचा. आईने वसाहतीत सांगितलं होतं, विनू सुरतेला नोकरीला होता. भांडी घासताना, दळण आणताना, सगळीकडे ती ही सुरत सांभाळून बोलायची.

एका रविवारी सकाळी फोरमन आमच्या दारात आले. वडिलांचे ते स्नेही. आईच्या जवळ येऊन, तोंडावर हात आडवा धरून, त्यांच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, इनूचं मला कळलं. येड्याच्या दवाखान्यात व्हता ना? काय काळजी करू नका. ह्या कानाचं त्या कानाला कळणार नाय!"

वरच्या मजल्यावरचा खलबत्ता थांबला. समोरच्या हेडक्लार्कांनी रेडिओ बारीक केला. आई उंबऱ्यातच बसली.

दुपारपर्यंत कुणीतरी फोरमनना त्यांची चूक सांगितली. ते शरमून लाल झाले, घरातली कांद्याची अर्धी गोणी सायकलला लावली आणि पुन्हा आमच्या दारात आले. "वहिनी, चूक झाली! मी लय मोठ्यानं बोललो!" सकाळी जे बाहेरगावी होते त्यांनाही आता कळलं.

मी त्या दिवशी त्यांचा फार राग केला. पण दुसऱ्या दिवशी खलबत्त्यावाल्या काकू वाटीभर चटणी घेऊन आल्या आणि आईजवळ बसून म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीचं असंच होतं हो. आम्ही ती वारली म्हणून सांगायचो." दोघी खूप वेळ बसल्या. सुरत त्या दिवशी सुटली.

फोरमनचं आणखी एक होतं. सायकलच्या कॅरिअरवर कायम एक घडी घातलेलं पोतं असायचं. कुणी भडकलेलं असो, रडत असो, भांडण असो, ते आधी पोतं अंथरून खाली बसत. त्यांच्या साहेबासमोरही एकदा बसले होते म्हणे. "उभा माणूस अंगावर येतो," असं त्यांचं म्हणणं. "बसलेल्या माणसाला कोण भितंय?"

विनू पाण्याच्या टाकीवर चढला तो दिवस मला या पोत्यामुळे आठवतो. वसाहतीची टाकी चार खांबांवर उंच उभी होती, बाजूला उभी लोखंडी शिडी. दुपारी बाराचा सुमार असेल. त्याच्या मनाने घेतलं होतं की पाण्यात कुणीतरी विष कालवणार आहे, आणि राखण करायला तो वर जाऊन बसला होता. खाली ही गर्दी. कुणी ओरडतंय, कुणी दगड दाखवतंय, पहारेकरी दोर घेऊन आलेला. नेमके मामाही पंचवटीहून आले होते. ते आईला म्हणत होते, "सांगत होतो मी, इथे नको ठेवूस. आजच्या आज परत पाठवू."

जेवणाच्या सुट्टीत घरी निघालेले फोरमन सायकलवरून उतरले. वर बघितलं, पोतं अंथरलं आणि बसले.

"बसा समदे खाली," ते म्हणाले. "एवढी माणसं उभी बघून कोण उतरंल?"

त्या आवाजापुढे इलाज नव्हता. सगळे बसले. पहारेकरी दोरावरच बसला. मामा धोतर सावरत बसले.

मग फोरमननी मान वर केली. "वर ड्यूटीला कोण हाय?"

मग विनूचा आवाज आला, "मी आहे."

"लेव्हल किती?"

विनूने झाकण उचलून बघितलं. "पाऊण!"

"कुणी येऊन गेलं?"

"एक कावळा."

लोक हसले. फोरमन हसले नाहीत. त्यांनी डायरीत कावळा लिहून घेतला. "विष कालवणारा दिसला का?"

"अजून नाही."

"मला बी दिसला नाय. जेवाय उतरता का?"

"रिलीव्हर आल्याशिवाय कसा उतरू?" विनू रागावून म्हणाला. फोरमनच्याच वसाहतीतला मुलगा तो.

"बराबर हाय. दोनाच्या भोंग्याला रिलीव्हर येतोय."

दोन वाजेपर्यंत सगळी वसाहत त्या टाकीखाली बसून राहिली. काकूंनी शेंगा वाटल्या. दोनाचा भोंगा झाला तसे फोरमन उठले आणि स्वतःच शिडी चढायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट सुटलेलं. मध्ये दोनदा थांबले. वर दोघांचं काहीतरी बोलणं झालं, डायरीत सही झाली आणि विनू सरसर उतरून खाली आला. आईने त्याला धरलं.

पण फोरमन उतरेनात. बॉयलरला जिने असतात, कठडे असतात. उभ्या शिडीवरून खाली बघितल्यावर त्यांना गरगरलं. दोन्ही हातांनी टाकीचा गज धरून ते वरून ओरडले, "आरं, मला उतरवा!"

त्यांना उतरवलं विनूने. शिडीखाली उभा राहून, एकेक पायरी सांगत. "काका, उजवा पाय खाली. अजून. आता डावा. खाली बघू नका, माझा आवाज ऐका." "आईकू येत नाय!" "मोठ्याने सांगतो!" विनूला चढून उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट वेळ फोरमनना लागला. खाली टेकल्यावर विनूने विचारलं, "टाकीवर आता कोण आहे?" फोरमननी धापा टाकत किल्ली दाखवली. "झाकणाला सायकलीचं कुलूप घातलंय. कुलपाला रिलीव्हर लागत नाय."

त्या दुपारी आई फोरमनच्या घरी गेली आणि मावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातचा चहा प्याली. बुद्धाची लहानशी मूर्ती असलेल्या त्या घरात आम्ही इतक्या वर्षांत कधी चहा घेतला नव्हता. का घेतला नव्हता ते आम्हाला दोघींना माहीत होतं. मावशींनाही माहीत असणार. त्यांनी कपबशी पुढे केली आणि म्हणाल्या, "साखर बघा बरं पुरती का."

पण मामांनी दुसऱ्या दिवशीच्या गाडीची तिकिटं काढली होती. त्यात समोरच्या हेडक्लार्कांनी अर्ज लिहिला, की सदर इसम वसाहतीत राहणे धोक्याचे असून त्याची इस्पितळात रवानगी व्हावी. अर्ज सह्यांसाठी फिरत फिरत फोरमनकडे आला. त्यांनी तो दोनदा वाचला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा ओढल्या. वर वार लिहिले, डाव्या बाजूला तास. मग ते घरोघर गेले.

"पुढं सही करा नायतर मागं करा," ते सांगत. "मागं करणाऱ्यानं दोन तास इनूजवळ बसायचं. दोनीकडं सही चालायची नाय."

हेडक्लार्कांनी चष्मा दोनदा पुसला. शेवटी त्यांनी त्यांच्या सुंदर अक्षरात मागे लिहिलं, "मंगळवार, चार ते सहा."

"आता पुढची खोडा," फोरमन म्हणाले. हेडक्लार्कांनी स्वतःचा अर्ज स्वतःच्या पेनाने खोडला.

मामांशी मात्र बोलणं झालं ते असं. मामा म्हणाले, "हा पोरखेळ आहे." फोरमन म्हणाले, "पंधरा दिवस द्या. तेवढ्यात एक पाळी जरी रिकामी गेली, तर तुम्ही पोराला न्या. मी स्वतः गाडीत बसवीन." विनू कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्याने आईचा पदर मुठीत धरला होता, लहानपणी धरायचा तसा. मामांनी तिकिटांची तारीख पुढे ढकलली आणि रोज संध्याकाळी येऊन लॉगबुक बघायचं कबूल केलं.

लॉगबुक म्हणजे शंभर पानी वही. त्यात लिहिण्याचा नियम एकच: दिसतं तेवढंच लिहायचं. पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, "वेड्यासारखा वागला." फोरमननी त्याला बोलावून घेतलं. "हे रीडिंग हाय का? गेज बघून 'बॉयलर येड्यावानी वागला' लिहितो का तू? काय केलं ते लिही." त्या माणसाने खोडून लिहिलं, "दहा मिनिटं दाराआड उभा राहिला. मग बाहेर आला. दोन पोळ्या." हेडक्लार्क लिहीत, "रेडिओवरील बातम्यांशी हुज्जत घातली. मुद्दे ग्राह्य होते." काकू लिहीत, "भाजी आवडली नाही. मलाही नाही."

मी आजवर पुष्कळ वाचलं, पण एखाद्या माणसाकडे कसं बघावं हे मी त्या वहीत शिकले. पुढे सिव्हिल इस्पितळातल्या डॉक्टरांकडे विनूला महिन्याच्या इंजेक्शनला नेलं तेव्हा फोरमननी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टर तरुण होते. रांग थांबवून ते वाचत बसले, मध्येच मोठ्याने हसले, मग एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "बघा, झोप कमी व्हायला लागली की तीन दिवसांनी आवाज वाढतात. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी या." आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, मी ते लिहून घेतलं. फोरमननी घेतलं नाही. "नाव त्यांच्या कामाचं. आपल्याला झोपंचं रीडिंग लागतं."

आता माझी गोष्ट सांगायला हवी. त्या पंधरा दिवसांतल्या बाराव्या दिवशी दुपारी दोन ते चार माझी पाळी होती. विनू शेजारी बसून शेंगा सोलत होता. मी ग्रंथालयातून आणलेली कादंबरी उघडली, एक पान वाचायचं म्हणून. मान वर केली तेव्हा साडेतीन झाले होते. शेंगांची टरफलं होती, विनू नव्हता.

मी अनवाणी धावले. टाकीवर बघितलं, विहिरीत बघितलं. कोळशाच्या वाघिणींच्या रुळांवर वाकून बघितलं. आई शाळेत होती, तिला काय सांगायचं? पाळी रिकामी गेली होती, आणि ती मी घालवली होती, सख्ख्या बहिणीने. बाकी सगळ्यांनी, अगदी हेडक्लार्कांनीसुद्धा, आपापली पाळी धरलेली होती.

विनू केंद्राच्या गेटजवळ सापडला. कडुनिंबाखाली फोरमनचं पोतं अंथरलेलं, त्यावर ते दोघं शेजारी शेजारी बसलेले. पहारेकऱ्याने निरोप देऊन फोरमनना आतून बोलावलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि रडायला लागले.

"बस खाली पोरी," फोरमन म्हणाले. "कोणतं पुस्तक व्हतं?"

मी नाव सांगितलं.

"चांगलं हाय?"

मी मान डोलावली. त्यांनी वही घेतली, विनूने येताना ती काखेत मारून आणली होती, आणि माझ्या देखत लिहिलं, "बहीण चार्ज न देता वाचनात गेली. पुस्तक चांगलं होतं."

संध्याकाळी मामांनी वही उघडली. ती ओळ त्यांना लगेच दिसली. चष्मा काढून ते म्हणाले, "पाळी रिकामी गेली. शब्द तुमचा होता." आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाय गेली," फोरमन म्हणाले. "वरची ओळ वाचा. मोठ्यानं वाचा, मला आईकू येत नाय."

वरची ओळ विनूच्या अक्षरात होती. औषधांनी हात थरथरायचे, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं. मामांनी वाचलं: "तीन वाजून दहा. ताई पुस्तकात आहे. दुसरं कुणी नाही म्हणून मी माझा चार्ज घेतला. काकांना सांगायला गेटवर गेलो. रस्त्यात दोन आवाज आले. उत्तर दिलं नाही. तिथे पोचलो. विनायक."

मग फोरमन एवढे हसले की खलबत्त्यावाल्या काकू वरून बघायला आल्या. "पंचवीस वर्षं झाली," ते म्हणत होते, "सोताचा चार्ज सोता घेणारा माणूस म्या नाय पाह्यला!"

मामांनी वही पुन्हा एकदा वाचली, मनातल्या मनात. खिशातून तिकिटं काढून त्यांनी ती वहीत खूण म्हणून घातली. मग वहीतला पाळ्यांचा कागद उलगडून विचारलं, "रविवार कुणाकडे आहे?"

"मोकळा हाय," फोरमन म्हणाले. खरं तर रविवार त्यांचा स्वतःचा होता.

त्या दिवसापासून विनूचं नावही त्या रेघांमध्ये आलं. आधी रोज एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस. पुढे त्याने वसाहतीच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं लावायचं काम धरलं. सगळं सरळ झालं असं नाही. नंतरही दोनदा तो बिघडला. एकदा सिव्हिलमध्ये तीन आठवडे होता, तेव्हा माणसं एकलहऱ्याहून बसने पाळीला जात आणि येताना वॉर्डातल्या इतरांचेही निरोप आणत. फोरमननी रेघा ओढलेला कागद आणखी तीन-चार घरी गेला. बाळंतपणानंतर बोलायची बंद झालेली एक सून होती, तिच्याजवळच्या पाळ्या विनूने लावून दिल्या. हेडक्लार्क कुठेही असले तरी मंगळवारी चारच्या पाळीला परत येत.

निवृत्तीनंतर फोरमननी नाशिकरोडला दोन खोल्या बांधल्या. आई आणि विनूही जवळच राहायला गेले. शेवटच्या वर्षी फोरमनच्या छातीने त्रास दिला, आवाज मात्र होता तसाच. विनू आठ ते बारा त्यांच्याजवळ बसे. पाळीचा कागद त्यानेच केला होता: त्यांची मुलं, मावशी, मी, हेडक्लार्कांचा मुलगा. फोरमन तक्रार करत, "आजारी म्या, आणि वहीत लिवतो हा की म्या चिडलो!" विनू शांतपणे म्हणे, "चिडलात ते दिसलं."

ते गेले त्या दिवशी बारा ते चार माझी पाळी होती. शाळेतून निघाले आणि निरोप वाटेतच कळला. मी पोचले तोवर ओटा माणसांनी भरला होता. त्यांचा मुलगा मला म्हणाला, "ताई, विनूला सांगा ना. दहा वाजल्यापासून तसाच बसलाय, उठत नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही."

विनू खाटेशेजारी पोत्यावर बसला होता, मांडीवर वही. मला बघून त्याने घड्याळाकडे बघितलं. बारा वाजायला दोन मिनिटं होती. तो थांबला. मग वाचायला लागला.

"आठ वाजता चार्ज घेतला. नऊला दाढी केली, नको म्हणत होते. साडेनऊला पाणी, दोन चमचे. एकदा हसले, कारण सांगितलं नाही. दहा वाजून पाचला श्वास थांबला. त्यानंतर बदल नाही." त्याने वही माझ्याकडे दिली. "घे."

मी पेन घेतलं आणि लिहिलं, "फोरमनकाका आपल्याला सोडून गेले."

विनू वाकून बघत होता. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. "सोडून गेलेले दिसले का तुला, ताई?" तो म्हणाला. "दिसतं ते लिही."

मी बघितलं आणि लिहिलं. बारा वाजता चार्ज घेतला. चेहरा स्वच्छ, हनुवटीला साबण थोडा राहिलेला. मावशी पायाशी. खोलीत माणसं मावत नाहीत, दारात आणि ओट्यावर आहेत. सगळी बसलेली आहेत. उभं कुणी नाही.

विनूने वाचलं. "बरोबर," म्हणाला. त्याने सही केली, पोतं माझ्याकडे सरकवलं, आणि मग रडायला बाहेर गेला.